खादाडपणा कोणाचा, आळस कोणाचा?

दृढीकरण संस्काराच्या तयारीला बसलेल्या मुलामुलींशी दोन तास बोलण्यासाठी गेल्या वर्षी आम्हांला बोलावण्यात आले होते. विषय होता सात प्रमुख पापांचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर गर्व, लोभ, मत्सर यांवर प्रवचन झोडण्यात अर्थ नाही, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे आम्ही प्रत्येकाच्या हाती कागदाचा एक कपटा दिला आणि सांगितले, "या सातांपैकी स्वतःचे वाटते ते एक लिहा. नाव लिहू नका." गर्व आणि मत्सर यांना फारशी मते मिळाली नाहीत. आळसाने बाजी मारली आणि त्याच्या पाठोपाठ खादाडपणा आला. एका चिठ्ठीवर वळणदार अक्षरांत लिहिले होते : "मी खादाड आहे. ते दिसतेच."

"ते दिसतेच" हे दोन शब्द आम्ही घरी घेऊन आलो, आणि त्यांनी आम्हांला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. लोभ दिसत नाही. मत्सर दिसत नाही. गर्विष्ठ माणूस मिस्सेला पहिल्या बाकावर हात जोडून उभा असतो, त्याच्या अंतःकरणात काय चालले आहे हे शेजाऱ्याला कळत नाही. परंतु ज्या मुलीचे वजन वाढले आहे, तिचे 'पाप' मात्र साऱ्या गावाला दिसते अशी तिची समजूत झालेली असते. ही समजूत तिला कोणी करून दिली? आणि ती खरी आहे काय?

प्रथम या शब्दाचाच अर्थ नीट पाहू. संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाची चर्चा करताना पोटात किती अन्न गेले याला महत्त्व दिलेले नाही. विवेकाचा लगाम सुटलेली वासना, हे त्यांच्या दृष्टीने त्या पापाचे मर्म. त्याच चर्चेत त्यांनी एक मार्मिक भेद केला आहे. एखाद्याने वासनेपोटी नव्हे, तर आपल्याला तेवढ्या अन्नाची गरज आहे असे समजून अधिक खाल्ले, तर त्याला खादाडपणा म्हणू नये. तो केवळ अननुभव होय. तेराव्या शतकातील या धर्मपंडिताने जी सवलत दिली, ती आपण विसाव्या-एकविसाव्या शतकातील माणसे आपल्याच मुलांना देत नाही. वजनाचा काटा पाहून आपण सद्सद्विवेकाची परीक्षा घेतो.

आमच्या लहानपणाची वसई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आता थोडे मागे नेण्याची परवानगी असावी. केळीच्या बागा, पानवेलीचे मांडव, विहिरी, बावखले आणि या सर्वांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पायवाटा, असा तो मुलूख होता. शाळा दूर होती आणि तेथे पायीच जावे लागे. शाळेतून आल्यावर वाफ्यांना पाणी सोडणे, गुरांना वैरण घालणे, फुले खुडणे ही कामे वाट पाहत असत. बावखलात पोहायला कोणी कोणाला शिकवीत नसे. थोरल्या भावाने ढकलून दिले की पोहता येई. जेवणात तांदळाची भाकरी, वाडीतली भाजी, सुकी मासळी. सणाला फुगे आणि मटण, आणि तेही आम्ही अधाशासारखे खात असू. खाण्याच्या बाबतीत आमच्या पिढीने कोणताही संयम पाळल्याचे आम्हांला स्मरत नाही. पंगतीत सलग आठ-दहा फुगे फस्त करणारे आमचे एक चुलते होते. त्यांच्या बरगड्या मात्र अखेरपर्यंत मोजता येत होत्या.

आज ही पिढी पन्नाशी-साठीला पोहोचली आहे आणि मुलांना ऐकवीत असते : "आम्ही कसे काटक होतो! तुम्ही मात्र दिवसभर मोबाइल घेऊन लोळता." या वाक्यात एक लबाडी दडलेली आहे, आणि ती आम्हीही पुष्कळदा केली आहे. आम्ही काटक होतो हे खरे. पण तो आमचा सद्गुण नव्हता. आम्ही कधी 'व्यायाम' केला नाही, चालण्याचा निश्चयही केला नाही. चालण्यावाचून गत्यंतर नव्हते म्हणून चाललो. भाकरी आणि भाजी आम्ही निवडली नव्हती. दुसरे काही मिळतच नव्हते. वाडीने आमच्याकडून श्रम करवून घेतले आणि वाडीनेच आम्हांला मोजके वाढले. त्या सडपातळपणाचे श्रेय जर आमचे नसेल, तर आजच्या मुलाच्या लठ्ठपणाचा दोष एकट्या त्याच्या माथी कसा मारता येईल? आमचे ते चारित्र्य आणि त्याचे ते पाप, हा हिशेब एकाच वहीत बसत नाही.

1990 मध्ये वसई-विरार परिसराच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. त्याच सुमारास हिरवी वसई वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले होते. त्या चळवळीचा इतिहास आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. 2009 मध्ये महानगरपालिका आली आणि 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेलेली आढळली. माणसे आली यात त्यांचा अपराध नाही. मुंबईत ज्यांना निवारा परवडेना ती माणसे आणखी कुठे जाणार? परंतु घरे बांधताना मुलांनी कुठे पळावे, कुठे पोहावे, शाळेपर्यंत कोणत्या वाटेने चालत जावे, याचा विचार त्या वेगात मागे पडला.

आमच्या ओळखीच्या एका चौदा वर्षांच्या मुलाचा दिवस पाहा. चौथ्या मजल्यावरून तो लिफ्टने खाली येतो. फाटकाशी व्हॅन उभी असते. शाळेत मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर रेंगाळण्याइतकीच जागा आहे. दुपारी घरी, चारला ट्यूशन. ट्यूशनचा वर्ग घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, तरी त्याची आई त्याला रिक्षाने पाठवते. आम्ही तिला याबद्दल जरा टोचून विचारले, तेव्हा तिने आम्हांला त्या रस्त्याने चालून येण्याची विनंती केली. आम्ही चालून पाहिले. पदपथ आहे, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या आहेत. जेथे दुचाक्या नाहीत तेथे गटाराचे झाकण उघडे आहे. म्हणून रस्त्यावर उतरावे, तर मागून पाण्याचा टँकर येतो. त्या वाटेवर मुलाला पाठवावे असे आम्हांलाही वाटले नाही, आणि आम्ही तिची क्षमा मागितली.

त्याच वाटेवर खाण्याची मात्र कोठेही उणीव नव्हती. वडापाव, चायनीज भेळ, फ्रँकी, मोमो आणि प्रत्येक दुकानाच्या दारावर माळांसारखी टांगलेली पाच-दहा रुपयांची चमकदार पाकिटे. ट्यूशन सुटते सहाच्या सुमारास; मुले भुकेलेली असतात आणि घरचे जेवण दोन-अडीच तासांवर असते. ज्या वसईने मुंबईला टोपल्या-टोपल्या केळी पुरवली, त्या वसईत या रस्त्यावर आम्हांला केळीवाला दिसला नाही. पुढे चौकात एक सापडला, पण ट्यूशनची मुले तेथवर जात नाहीत.

शाळांभोवतीच्या खाण्याकडे सरकारचे लक्ष गेलेले नाही असे नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार स्निग्धांश, साखर किंवा मीठ अति असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. मात्र 50 मीटर म्हणजे मुलांची सत्तर-ऐंशी पावले, आणि ज्या ट्यूशनमध्ये त्यांची प्रत्येक संध्याकाळ जाते ती कायद्याच्या भाषेत शाळा नव्हे.

मुलींची कथा आणखी निराळी. मुलगा निदान इमारतींच्या मधल्या बोळात टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतो. सेक्रेटरीने हाकलले की दुसऱ्या बोळात जातो. मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी खेळातून बाहेर पडते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नाक्यावर टोळके उभे असते, दिवे गेलेले असतात, शेजारी काय म्हणतील ही धास्ती असते. आई म्हणते, "सातच्या आत घरी ये". आणि ट्यूशन सुटल्यावर सातपर्यंत उरते किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 11 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी. 2019 मध्ये या संघटनेच्या संशोधकांनी जगभरची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीनुसार 2016 मध्ये दर 100 किशोरांपैकी 81 जणांची तेवढी हालचाल होत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण 85 होते, मुलांमध्ये 78. पृथ्वीवरील 100 मुलांपैकी 81 एकाच वेळी आळशी निपजतात, यावर विश्वास ठेवणे आम्हांला कठीण जाते.

तथापि परिसराचा हा प्रभाव म्हणजे आमच्यासारख्यांच्या स्मरणरंजनातून निघालेली कल्पना तर नव्हे? ही शंका आम्हांलाही आली. अमेरिकेत 1994-95 मध्ये 20,000 हून अधिक किशोरांची पाहणी झाली होती. तिच्या आधारे 2006 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, ज्यांच्या घराजवळ बागा, मैदाने, खेळाच्या सोयी अधिक होत्या ती मुले अधिक हालचाल करीत आणि त्यांच्यात वाढलेल्या वजनाचे प्रमाण कमी होते. गरीब वस्त्यांत अशा सोयी मुळातच कमी होत्या. पण कोणी म्हणेल, की चांगल्या वस्तीत राहायला जाणारी कुटुंबेच मुळात आरोग्याची काळजी वाहणारी असतील. हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच देशातील एका मोठ्या प्रयोगात शोधता येते. 1994 ते 1998 या काळात न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन, बाल्टिमोर आणि लॉस एंजेलिस या पाच शहरांतील अतिगरीब सरकारी वसाहतींत राहणाऱ्या सुमारे 4,600 कुटुंबांच्या नावाने अक्षरशः सोडत काढण्यात आली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याची मदत देऊ केली गेली, काहींना नाही. कोण काळजीवाहू आणि कोण बेफिकीर, हा प्रश्नच चिठ्ठीने निकालात काढला. या कुटुंबांना तेथून निघायचे होते ते प्रामुख्याने गुंड टोळ्या आणि अमली पदार्थ यांच्या भीतीने. वजनाचा विचार कोणाच्या मनातही नसावा.

दहा ते पंधरा वर्षांनी त्या घरांतील स्त्रियांची वजने घेतली गेली आणि रक्त तपासले गेले. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्यात आत्यंतिक लठ्ठपणाचे प्रमाण दर 100 मध्ये सुमारे 18 होते, तर ज्यांना चांगल्या वस्तीची संधी देऊ केली होती त्यांच्यात सुमारे 14. रक्तातील साखरेवरून मधुमेह असल्याचे दिसलेल्या स्त्रिया पहिल्या गटात 100 पैकी 20, तर दुसऱ्या गटात 16. देऊ केलेली संधी निम्म्याहून कमी कुटुंबांनीच प्रत्यक्षात वापरली होती, तरीही एवढा फरक पडला. कोणालाही आहाराचे धडे दिले गेले नव्हते. बदलला होता फक्त पत्ता.

येथेच थांबलो असतो तर आमचे काम सोपे झाले असते. परंतु त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. किशोरांच्या वजनात आयांसारखा ठळक फरक दिसला नाही. मुलींच्या मनावरचा ताण हलका झाला. मुलांच्या वाट्याला मात्र तो लाभ आला नाही, काही बाबतींत त्यांचे वर्तन बिघडलेच. म्हणजे परिसर पुष्कळ काही करतो, पण सारे काही करीत नाही. माणूस म्हणजे कुंडीतले रोप नव्हे, की कुंडी हलवली आणि ते बहरले.

आपल्या देशातील चित्र तर याहून गुंतागुंतीचे आहे. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वर्षांच्या मुलांपैकी 24 टक्के वयाच्या मानाने कृश आणि 5 टक्के वाढलेल्या वजनाची आढळली. आमच्याच पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांवर, शाळेसाठी मैलोन्‌मैल चालणारी मुले आहेत. त्यांच्या चालण्याला व्यायाम म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एकीकडे परिसर मुलाला चालूच देत नाही आणि दुसरीकडे पोटभर न देता चालायला लावतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परिसर जर एवढा प्रभावी असेल, तर त्या चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला "बाळ, तुझा काहीच दोष नाही" असे सांगून मोकळे व्हावे काय? तसे सांगण्याचा मोह आम्हांला झाला होता. पण त्यात एक सूक्ष्म अपमान आहे. "तुझ्या हातात काहीच नाही" असे ज्याला सांगितले, त्याच्याकडून आपण दोषाबरोबर स्वातंत्र्यही काढून घेतो. भूक लागलेली असताना पाकीट फोडायचे की घरी जाऊन भाकरी खायची, ही निवड लहान असली तरी निवडच आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या परिपत्रकात 'पापाच्या संरचना' असा शब्दप्रयोग केला. पण या संरचना आकाशातून पडत नाहीत, त्या माणसांच्या वैयक्तिक पापांतून उभ्या राहतात, हेही त्यांनी तितक्याच आग्रहाने सांगितले होते. आमच्या मते, मुलांच्या आरोग्याच्या प्रश्नात बोट ठेवण्याची जागा हीच. मुलीची निवड दोन घासांएवढी आहे. ज्या रस्त्यावर ती उभी आहे, तो रस्ता घडविणाऱ्यांच्या निवडी फार मोठ्या होत्या.

आणि तो रस्ता कोणी घडवला? बिल्डरचे, पुढाऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे नाव आपल्या ओठांवर लगेच येते, आणि ते चुकीचेही नसते. पण वाड्या विकल्या कोणी? आमच्या वडिलांच्या पश्चात आम्ही भावंडांनी रस्त्याकडेचा तुकडा विकला. कारणे होती : वाटण्या झाल्या होत्या, मजूर मिळत नव्हते, विहिरीला खारे पाणी लागले होते. त्या पैशांतून मुलांची शिक्षणे झाली. आज त्या जागेवर सात मजली इमारत आहे, तळमजल्यावर खाण्याची दुकाने आहेत आणि मुलांना खेळायला आहे गाड्या लावून उरलेली जागा. सौद्याच्या कागदावर सही करताना, येथे राहायला येणारी मुले कुठे खेळतील, असा प्रश्न आम्ही विचारला नाही. विचारणे शक्य होते; आमच्या मनातच आला नाही. याला अक्वायनसांच्या भाषेत अननुभव म्हणावे की आणखी काही, याचा निर्णय आम्ही स्वतःपुरता केला आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या हाती आजही आहे, आणि तिला पैसाही लागत नाही. ती म्हणजे आपली जीभ. मुलांच्या वजनावरून आपल्या घरांत, लग्नमंडपांत, चर्चच्या पायऱ्यांवर जे विनोद होतात ते प्रेमापोटी होतात असे आपण म्हणतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1998-99 पासून किशोरांचा मागोवा घेतला. पौगंडावस्थेत ज्यांची वजनावरून टिंगल झाली होती, त्यांच्यात 15 वर्षांनंतर लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळले. टिंगलीने मूल सडपातळ होत नाही. ते मैदानात उतरायला लाजते आणि एकटे बसून खाते. आत्या-मावश्यांनी आणि काका-मामांनी हे मनावर घ्यावे. घरचा शब्द हाही मुलाचा परिसरच असतो.

खेळणे हा बालकाचा हक्क आहे, असे 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत लिहिले आहे आणि 1992 मध्ये भारताने ती मान्य केली आहे. पण मुलांना संहिता ठाऊक नसते, फाटक ठाऊक असते. त्या दिवशी वर्ग संपल्यावर पाच-सहा मुली घुटमळत राहिल्या. त्यांतल्या एकीने विचारले, "सर, चर्चचे पटांगण संध्याकाळी बंद का असते?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर असे होते की, चार वर्षांपूर्वी चेंडूने एका गाडीची काच फुटली, त्यावर बैठक झाली, आणि पटांगण फक्त सणासमारंभाला उघडण्याचा ठराव एकमताने संमत झाला. एकमताने, म्हणजे त्यात आमचेही मत होते. गाडी आमची नव्हती एवढेच.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही तो ठराव फिरवावा अशी सूचना मांडली. बराच वाद झाला. गाड्या कुठे लावायच्या, दिव्यांचे बिल कोणी भरायचे, बाहेरची मुले आली तर काय करायचे, असे प्रश्न निघाले. शेवटच्या प्रश्नावर फादरांनी "येऊ द्या" एवढेच म्हटले आणि तो मुद्दा संपला. आता आठवड्यातून तीन दिवस पाच ते साडेसात पटांगण उघडे असते. त्यांतला एक दिवस मुलींसाठी राखून ठेवावा, यावर अद्याप एकमत झालेले नाही. परंतु दोन माता पाळीपाळीने तेथे बसू लागल्यापासून मुली येऊ लागल्या आहेत. एक केळीवाला फाटकाशी उभा राहतो. त्याला कोणी बोलावले हे आम्ही विचारलेले नाही. गोंगाटाबद्दल एक लेखी तक्रारही आली आहे. ती करणारे गृहस्थ आमचे जुने मित्र आहेत. येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत.